पुढचे वाक्य

पुनो बाबाचा घसा माझ्याकडे आला
तो मेणाच्या ठोकळ्यात, एका मंगळवारी.
चार तुकडे, तांदळाच्या कणीएवढे.
कागदावर: पुनो रामा वेलिंगकर, ६३, सावई-वेरे.
बांबोळीच्या तळमजल्यावर आम्ही माणसे
क्रमांकाने ओळखतो. पण हे नाव वाचले
आणि मायक्रोटोमचे चाक
थोडा वेळ फिरवलेच नाही.

आमच्या उत्सवी नाटकांचा तो प्रॉम्प्टर.
तीस वर्षे डाव्या विंगेत,
मांडीवर वही, ओठांत विझलेली विडी,
बॅटरीचा उजेड बोटांनी अर्धा झाकलेला.
त्याचा आवाज पहिल्या रांगेलाही कधी गेला नाही.
नटाला मात्र जायचा.
मी अकरा वर्षांचा, जासूद झालो होतो.
एकच वाक्य होते, तेच विसरलो.
समोर अख्खा गाव, खाज्याच्या पुड्या, कुणाचे तरी रडते मूल.
आणि डावीकडून आले,
कानातल्या पाण्यावर कुणी फुंकर घालावी तसे:
महाराज, शत्रू खिंडीपर्यंत पोचला.
मी म्हणालो. टाळी पडली.

फीत कोमट पाण्यावर पसरली, काचेवर घेतली, रंगवली.
दिसले ते जांभळे गोळे, कडेने किरण फुटलेले,
बालवाडीतल्या मुलाने काढलेले सूर्य.
मॅडम म्हणाल्या, अरे, ॲक्टिनोमायसिस!
स्वरयंत्रात? इतक्या वर्षांत ही दुसरी केस.
हा जंतू तुमच्या तोंडात असतो, माझ्याही,
हिरडीखाली, भाडे न चुकवणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखा निमूट.
आतले अस्तर फाटले तरच तो आत शिरतो.
औषध साधे, पेनिसिलीन. फक्त महिनोन्‌महिने.

बाहेर बाकावर त्याची मुलगी फोनवर ओरडत होती:
कॅन्सर न्हय गो, जंतू! जंतू!
वाड्यावर पेढे वाटले म्हणे.
जंतू झाला म्हणून पेढे.

मला मात्र एवढेच टोचत राहिले:
फाटले तरच.
मग फाटले कशाने?
हे विचारणे माझे काम नव्हे. मी टेक्निशियन,
कापणे, रंगवणे, लेबल चिकटवणे.
पण ठोकळा अजून उरला होता.
पाचची बस सोडली. खोल गेलो.
चाळीस काप टाकून दिले, एक्केचाळिसावा ठेवला.
तिथे सूर्य नव्हते.
मोती होते.
(मोतीच म्हणतात त्यांना, पुस्तकात तसेच छापले आहे.
गुलाबी, गोल, पदरावर पदर.
ज्याने नाव ठेवले त्याने माणूस पाहिला नसावा,
नुसती काच.)

सकाळी ती काच मॅडमच्या टेबलावर ठेवली
आणि बाजूला उभा राहिलो.
त्या दुसऱ्याच कागदांत होत्या.
माझ्या तोंडात ते जुने वाक्य तयार होते,
खिंडीपर्यंतचे. ते कसे म्हणणार?
हळूच म्हणालो, मॅडम, डीपर कट.
त्यांनी डोळा लावला
आणि बराच वेळ काढला नाही.

दोन्ही होते. एकाने भिंत पोखरली,
दुसरा त्या भगदाडातून आत येऊन बसला
आणि विचारायला गेलो तर पुढे तोच झाला.
पेनिसिलीन चालूच ठेवले. स्वरयंत्र काढले.
नळीतून पेज, पाटीवर खडू,
मुलीने पाटीवरून वाचलेले पहिले वाक्य: विडी कुठाय.

यंदा उत्सवाला गेलो. मागून, विंगेपाशी.
खुर्ची तीच. गळ्याला मलमलीचा रुमाल,
श्वासागणिक थोडा उचलला जाणारा.
वही आता शेजारच्या पोराच्या हातात,
आणि पोरगा एवढ्या मोठ्याने सांगत होता
की तिसऱ्या रांगेतून हसू आले.
पुनो बाबाने वही ओढून
त्याच्या गुडघ्यावर आपटली
आणि ओठांनी, नुसत्या ओठांनी, म्हणाला:
हळू.